सर्वानुमते ठासलेली बंदूक

ठासणीच्या बंदुकीत एकदा घातलेलं परत काढता येत नाही, ही गोष्ट मला बंदूक भरून झाल्यावर कळली. आधी कुणी सांगितली नाही. सांगणारी माणसं कमी होती असं नाही. त्या दुष्काळात आमच्या गावचं पाणी आटलं, वैरण आटली, म्हशी आटल्या, पण सल्ला काही आटला नव्हता.

मी गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी. वाशी आणि भूमच्या मधलं आमचं गाव. सोसायटीनं त्या साली एका तुकड्यात गावच्या जनावरांसाठी हायब्रीडची वैरण केली होती. शेवटचं पाणी देऊन विहिरीनं अंग टाकलं, पण वैरण हाती लागण्यासारखी उभी राहिली. सगळ्या शिवारात हिरवं म्हणावं असं तेवढंच. मग तिथं हरणं येऊ लागली. रोज सकाळी बघावं तर कडेचा एखादा पट्टा साफ झालेला असायचा.

"हरणं लई माजल्यात," चेअरमन आबाराव म्हणाले. "आता बंदुकीबिगर भागत न्हाय."

बंदूक त्यांच्याच घरात होती. आजोबांची, निजामाच्या वेळची, ठासणीची. पण परवाना कुणाच्या नावावर काढायचा? आबारावांवर बांधाच्या मारामारीची केस चालू होती. संचालक श्रीपतीअण्णांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्याचा भरवसा नाही. किराणावाले गुरुसिद्धप्पा नुसतं बंदूक म्हटलं तरी गळ्यातल्या लिंगाला हात लावायचे. बब्रुवान हवालदार फौजेतून पेन्शनीत आलेले, खरं तर तेच योग्य. पण ते म्हणाले, "मी आयुष्यभर सरकारनं दिलेली बंदूक चालवली. ही आजोबांनी दिलेली. हिचं मला काही माहीत नाही." मग चौघांनी मिळून माझ्याकडं बघितलं.

गुरुसिद्धप्पांच्या गळ्यात आहे तेच लिंग माझ्याही गळ्यात आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी ढेकूण मारायचा तर बाज उन्हात ठेवतो आणि दुसरीकडं बघतो. तसं मी बोलून दाखवलं. "म्हणूनच," आबाराव म्हणाले. "तुमचा कुणाला संशयच यायचा न्हाय."

चौकशीला जमादार घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, कुणाशी भांडण? नाही. मारामारी? नाही. दारू, जुगार? नाही. कुणी तुमच्यावर दावा धरून आहे? म्हटलं, तसा मी कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यांनी माझ्याकडं अशा काही नजरेनं बघितलं की आतून चहा घेऊन आलेली नीलम्मा, म्हणजे माझी बायको, दारातच थांबली. "मग बंदूक कशाला पाहिजे तुम्हाला?" जमादारांनी विचारलं. मी नीलम्माच्या हातातला चहा घेऊन त्यांच्या पुढं ठेवला. परवाना मात्र मिळाला, पीक संरक्षणासाठी म्हणून.

दारूगोळा आणायला मी बार्शीला गेलो. परवान्याचं दुकान, मागं लाकडी कपाटं, पुढं जाड भिंगाचे म्हातारे दुकानदार. "काय मारायचंय?" त्यांनी विचारलं.

हरणाला हात लावायचा नाही असा नवा कायदा आलाय, असं कुठंतरी वाचलं होतं. गोळी लागली तर तुरुंग, नाही लागली तर संचालक मंडळ. मी हळूच म्हणालो, "काही नाही."

"काही नाही मारायला कोणती दारू देऊ?"

मग त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. दारू दोन प्रकारची, बारीक आणि जाडी. बारीक भर्रकन पेटते, जाडी दमानं. छर्रे बारके घेतले तर पाखराला, टपोरे घेतले तर सशाला. शिंगाच्या जनावराला एकटी शिशाची गोळी. ते एकेक वाटीत ओतून दाखवत होते आणि मी प्रत्येक वाटीला मान हलवत होतो. शेवटी कुणाचं मन मोडायला नको म्हणून मी सगळंच थोडं थोडं घेतलं. नळीच्या मागच्या भोकावर बसवायच्या तांब्याच्या टोप्या घेतल्या. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जाते आणि बार सुटतो, एवढं मला कळलं.

"नळी किती जुनी आहे?" त्यांनी पुडी बांधता बांधता विचारलं.

"निजामाच्या वेळची."

त्यांनी पुडी माझ्याकडं सरकवली आणि हात मागं घेतला. "दारू कमीच घाला," एवढंच म्हणाले.

हा निरोप मी जसाच्या तसा मीटिंगमध्ये मांडला. आबाराव म्हणाले, चांगला मुद्दा आहे, ऐनवेळच्या विषयांत घेऊ.

आता आमच्या सोसायटीची एक रीत सांगायला पाहिजे, म्हणजे पुढचं कसं घडलं ते कळेल. आमच्याकडं कुठलंही काम एकट्याच्या हातानं होत नाही. खताचं पहिलं पोतं फोडायचं तर सुतळीला सगळ्या संचालकांचे हात. विहिरीवर नारळ फोडायचा तर एकानं धरायचा, एकानं आपटायचा, बाकीच्यांनी त्याच्या मनगटाला शिवायचं. एकदा श्रीपतीअण्णांचा हात लागायचा राहिला तर त्यांनी पुढच्या तीन बैठकांना पाठ फिरवली. तेव्हापासून कुणाला वगळायचं नाही, असं पक्कं ठरलेलं.

बंदूक सोसायटीच्या ओट्यावर उभी केली. ती माझ्या कानापर्यंत यायची. चर्चा सुरू झाली. आबारावांचं म्हणणं, शिशाची गोळी तळहातावर ठेवावी आणि ती झाकेपर्यंत दारू ओतावी, आजोबांचं माप तेच. श्रीपतीअण्णा म्हणाले, "गोळी कुणाला लागती? छर्रेच पाहिजेत, आन दारू जाडी." हवालदारांच्या मते दोघांच्याही निम्मी दारू पुरे होती. गुरुसिद्धप्पा म्हणाले, "शिसं घालूच नका. नुसता आवाज करा. मुकं जनावर हाय, आवाजानं पळंल. दारू मात्र बारीक घ्या, आवाज चांगला होतो." दुपार झाली तरी मत एक होईना. मतदान घ्यावं तर हरलेला रुसणार. शेवटी आबारावांनी तोड काढली. वयाच्या मानानं एकेकानं आपापल्या हातानं आपापलं माप घालायचं. म्हणजे सगळ्यांचंच राहील.

कुणाचाच विरोध नव्हता. सर्वानुमते.

आबारावांचा तळहात सुपाएवढा. गोळी झाकायला किती दारू लागली ते विचारू नका. वर नारळाच्या काथ्याचा बोळा, मग लोखंडी गजानं ठासणं. मग श्रीपतीअण्णांची जाडी दारू, बोळा आणि वर मूठभर छर्रे. मग गुरुसिद्धप्पांनी दुकानातून आणलेल्या मापानं बारीक दारू घातली, देवाचं नाव घेऊन. हवालदारांनी निम्मंच घातलं, पण घातलं. आबारावांची गोळी हातातच राहिली होती, ती वरून सोडली. "सेक्रेटरी, तुमचा बी हात लागू द्या," असं सगळे म्हणाले तेव्हा मला, खरं सांगतो, बरं वाटलं. मी चिमूटभर सोडली. बोळा बसवला. ठासलं.

गज आधी पार तळाला जायचा आणि बोटभर वर दिसायचा. आता तो हातभर बाहेर उभा होता.

हे पहिल्यांदा हवालदारांच्या ध्यानात आलं. ते दोन पावलं मागं सरले. मग सगळेच गजाकडं बघायला लागले.

"ही आता..." श्रीपतीअण्णा म्हणाले, "ही आता उडवली तर?"

"उडवली तर बंदूक हरणाकडं जायची न्हाय," हवालदार म्हणाले. "फुटून उडवणाऱ्याकडं येईल."

"मग काढा की आतलं."

"काढायचा एकच रस्ता आहे. चाप ओढायचा."

त्यावर सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. गुरुसिद्धप्पांचं दुकान उघडं होतं. श्रीपतीअण्णांची शेळी सुटली होती. आबाराव जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "परवाना तुमच्या नावावर हाय, बंदूक तुमच्याच घरात पायजे. कायद्याचं काम हाय." आजोबांच्या बंदुकीची काळजी घ्या, असंही म्हणाले.

मी ती बंदूक घरी कशी नेली ते माझं मला माहीत. तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांवर तिरकी धरून, तोंड आभाळाकडं करून, पाय उचलत न उचलत. समोरून येणारी माणसं बाजूच्या बोळात शिरत होती. टोपी बसवल्याशिवाय सुटत नाही, टोपीविना ती नुसती काठी, असं हवालदारांनी लांबून ओरडून सांगितलं होतं. पण लांबूनच सांगितलं होतं.

नीलम्मानं सगळं ऐकून घेतलं. कपाळाला हात लावला नाही, काही नाही. "ह्या घरात चूल पेटायची न्हाय," एवढंच म्हणाली आणि परात उचलून शेजारच्या मालनबाईंच्या चुलीवर गेली. बंदूक आतल्या खोलीत, आम्ही अंगणात. मी त्या खोलीत जाणं सोडलं. माझं सदऱ्यांचं गाठोडं आत होतं, ते तसंच राहिलं, आणि आठवडाभर मी एकाच सदऱ्यावर सोसायटीत गेलो. कशाचाही आवाज झाला, भांडं पडलं, कुणी कवाड लोटलं, की मी बसल्या जागी डोळे मिटायचो. जेवण जाईना. दिवसातून चारदा मी खिडकीतून वाकून बघायचो, ती आहे ना. ती असायची. कोपऱ्यात भिंतीला टेकून माझ्याकडं बघत उभी.

सल्ले येतच होते. त्यातला एक बरा होता. मालनबाई मला म्हणाल्या, "आवं अप्पा, पाणी ओता की तिच्या घशात. भिजली की गेली."

पण पाणी कुठलं? गावाला तेव्हा नदीच्या पात्रात झिरे खोदून वाटी वाटीनं पाणी भरावं लागायचं. बायका पहाटेपासून बसायच्या तेव्हा घरटी एक घागर. मी नीलम्माला भीत भीत विचारलं, एक तांब्या मिळेल का. ती चौकात उभी होती, चार बाया ऐकत होत्या. ती म्हणाली, "माणसाला प्यायला न्हाय आन बंदुकीला तांब्या? तुमच्या संचालकांस्नी सांगा, एकेक घोट द्या म्हणावं." बाया हसल्या. मी आबारावांकडं विषय काढला तर ते तोंड पाडून म्हणाले, आजोबांची आठवण हाय, गंजली तर? बैठक घ्या, मग बघू. हवालदार म्हणाले, तीन बोळ्यांखाली पाणी जातं कशाला. असा तो विषय मिटला. घागरीतलं पाणी मात्र त्या दिवसांत लवकर संपायचं. माझी पूजेची पळीही जागेवर सापडेना. विचारलं तर नीलम्मा म्हणाली, "उन्हाळा हाय." पळीचा आणि उन्हाळ्याचा काय संबंध, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

अशात कसली तरी पोटनिवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची, तसा निरोप मला आला. मुदत दोन दिवसांची.

मी एस.टी.च्या थांब्यावर गेलो तो भूमच्या बाजाराचा दिवस. निघताना नीलम्मानं भाकरी बांधून दिली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. माणूस भरलेली बंदूक घेऊन निघालाय, परत येईल न येईल. पण बाईच्या डोळ्यात टिपूस नाही. "पायरी नीट बघून चढा," म्हणाली. मला फार लागलं ते. बारा वर्षांचा संसार.

गाडीत कोंबड्या, टोपल्या, माणसं ठासून भरलेली. ठासून हा शब्दसुद्धा तेव्हा मला सोसत नव्हता. मी बंदूक उभी धरून दारात लटकलो. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सहज विचारलं, "काय, भरलेली हाय का काय?"

खोटं बोलायची मला सवय नाही. म्हणालो, "हो. जरा जास्तच."

गाडी थांबली. माणसं दारातून उतरली, मागच्या खिडकीतून उतरली. कोंबड्या टोपलीसकट खाली आल्या. ड्रायव्हर पार पुढच्या बाभळीखाली जाऊन उभा राहिला आणि तिथून म्हणाला, "पाव्हणं, आधी तुमी उतरा, मग आमी चढतो." मी उतरलो. चालत तालुका गाठला. उन्हानं नळी तापत होती, आणि दर थोड्या वेळानं मी उपरणं तिच्यावर धरत होतो. स्वतःच्या डोक्यावर धरायचं सुचलं नाही.

ठाण्यातले फौजदार सभ्य माणूस. त्यांनी बंदूक दारातच थांबवली. भरलेलं हत्यार जमा होत नाही, म्हणाले. रिकामं करून आणा. म्हटलं, इथं उडवू? आवारात उडवणं गुन्हा आहे. मग गावाबाहेर? विनाकारण उडवणं गुन्हा आहे. त्यांनी माझा परवाना वाचला. "पीक संरक्षणासाठी आहे ना? मग पिकावर जाऊन उडवा. आणि तुम्हीच उडवा. दुसऱ्यानं चाप ओढला तर परवान्याचा भंग होतो. उद्या संध्याकाळपर्यंत."

म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत मी मरणार, एवढं ठरलं. तेवढ्यासाठी चालत आलो होतो आणि आता चालत परत जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर सगळं गाव वैरणीच्या तुकड्यावर जमलं. म्हणजे लांबच्या बांधाच्या पलीकडं जमलं, फक्त डोकी दिसत होती. हवालदारांनी एक युक्ती काढली, ती मात्र खरी कामाची होती. बंदूक बांधावरच्या बाभळीला करकचून बांधायची, चापाला दोरी लावायची आणि लांबून ओढायची. विहिरीचा नाडा रिकामाच पडला होता, तो आणला. हवालदारांनी टोपी बसवली, घोडा वर केला, आणि ह्या वयात माणूस इतका पळू शकतो हे मी पहिल्यांदा बघितलं.

दोरीचं टोक माझ्या हातात. मी मागं वळून संचालक मंडळाकडं बघितलं. म्हणालो, "सगळ्यांचे हात लागू द्या. आपली रीत आहे."

आबाराव आभाळाकडं बघायला लागले. श्रीपतीअण्णा म्हणाले, परवाना तुमच्या नावावर हाय. गुरुसिद्धप्पा डोळे मिटून पुटपुटत होते. भरताना पाच हात होते. आता एक उरला होता, तोही घामानं भिजलेला. मी दोरी तळहाताला दोनदा गुंडाळली. मी मनातल्या मनात वडिलांची, आईची, सगळ्यांची माफी मागितली. मला भीती वाटत होती, दुसरं काहीच वाटत नव्हतं.

तेवढ्यात बांध उतरून नीलम्मा आली. पदर खोचला, माझ्या मागं उभी राहिली आणि दोरी धरली.

"तू जा," मी म्हणालो.

"भरताना मला कुणी इचारलं न्हाय," ती म्हणाली. "सुटताना तरी धरू द्या. ओढा."

त्याच वेळी तुकड्याच्या पलीकडून हरणं आली. पाच-सहा असतील. बरगड्या मोजता येतील अशी. त्यांनी वैरणीत तोंड घातलं. मी डोळे मिटले आणि आम्ही ओढलं.

फट्.

टोपी तेवढी वाजली. हरणांनी माना वर केल्या, आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा खायला लागली. बांधामागून कुणी हलेना. मग हवालदारांचा आवाज आला. "कुणी जवळ जाऊ नका. न सुटलेला बार सुटलेल्यापेक्षा वाईट. ठिणगी आत धुमसत असती. आत्ता सुटेल, न्हायतर आठ दिवसांनी सुटेल." डोकी एकेक करून गावाकडं निघून गेली.

सगळे गेल्यावर मी मटकन खाली बसलो. नीलम्मा शेजारी बसली आणि अगदी हळू म्हणाली, "सुटायची न्हाय ती. रोज दुपारी तुमी सोसायटीत गेला की मागच्या भोकातनं पाणी घालत होते. पूजेच्या पळीनं. माझ्या वाटणीचं."

मी तिच्याकडं वळलो. मग तिचे ओठ फुटलेले दिसले. इतके दिवस समोर होते, पण मी त्या खोलीच्या खिडकीत वाकून बघत होतो.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी बैठकीत मांडलं असतं."

हे खरं होतं. मी विचारलं, "सुटायची नाही हे माहीत होतं, मग दोरी कशाला धरलीस?"

"खालपातूर पुरतं भिजलं का न्हाय, ते कुठं ठाव होतं?" ती म्हणाली. मग उठून लुगडं झटकलं. "चला. आज घरात चूल पेटवते."

बंदूक तशीच बाभळीला राहिली, तोंड वैरणीकडं करून. मुदत टळल्यावर जमादार आले, हकीकत ऐकली आणि दोन शेतं अलीकडं उभं राहूनच पंचनामा केला, की हत्यार जागेवर जमा. पाण्याचं आम्ही कुणाला सांगितलं नाही. बैठकीत काही मांडलं नाही.

आणि मग एक गंमत झाली. हरणं रोज येतच होती. त्यांना कोण सांगणार? पण वैरण कमी होईना. कडेचे पट्टे साफ व्हायचे बंद झाले. हरणं काय खातील, चार तोंडं मारतील. पेंढ्या बांधून नेणारी हरणं दुसरी होती, आणि ती आता त्या बंदुकीसमोर यायला तयार नव्हती. मी कुणाचं नाव घेत नाही. आबारावांची म्हैस, जी सगळ्या दुष्काळात धार देत होती, ती त्या आठवड्यात आटली. श्रीपतीअण्णांचे बैल मान टाकायला लागले. आबाराव रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन विचारायचे, "सेक्रेटरी, ती एकदाची कवा सुटंल?"

"काही सांगता येत नाही," मी म्हणायचो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला भीत होतं, आणि ते वाईट नव्हतं.

वैरण कापायची वेळ आली तेव्हा मी एकटा सगळ्यांच्या देखत बाभळीपाशी गेलो आणि नळीचं तोंड आभाळाकडं फिरवलं. बाया तोंडावर पदर घेऊन बघत होत्या. वैरण घरटी सारखी वाटली. ठराव न करता वाटली.

निवडणूक संपली. बंदूक बाभळीवरून सोडवून परवाना परत करायचा मी ठरवलं आणि नीलम्मालाही संगती घेतलं. तिला तालुक्याला जाऊन किती वर्षं झाली होती ते तिलाच आठवत नव्हतं. पुन्हा बाजाराचा दिवस, पुन्हा गाडी कोंबलेली. खांद्यावर बंदूक बघून कंडक्टरनं मला ओळखलं. त्याचा घंटीचा हात वरच राहिला.

"भरलेली हाय?" त्यानं हळूच विचारलं.

खोटं बोलायची मला सवय नाही हे मी मघाशीच सांगितलं. खरं सांगायचं तर पाण्याचंही सांगावं लागलं असतं. मी नीलम्माकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "तशीच हाय."

पुढचा बाक झटक्यात रिकामा झाला, आणि आम्ही दोघं भूमपर्यंत बसून गेलो. नीलम्मा खिडकीपाशी बसली होती.